परसबागेत वन्यप्राणी आला तर काय करावे? झरी जामणी तालुक्यासाठी ओळख, खबरदारी आणि भरपाईची माहिती

घरामागच्या वाडीत सकाळी पाणी द्यायला जावे आणि वांग्याचे वाफे नांगरल्यासारखे उकरलेले दिसावेत. पऱ्हाटीच्या ढिगातून सरपण ओढताना हाताशेजारून काहीतरी सरकावे. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यात, विशेषतः जंगलालगतच्या गावांत आणि कोलाम पोडांवर, या गोष्टी नवीन नाहीत. अशा वेळी घाबरून केलेली एखादी कृती जीवावर बेतू शकते. दुर्लक्ष केले तर हंगामाची भाजी जाते, कधी भरपाईचा हक्कही जातो.

परसबागेत कोणते प्राणी येतात, का येतात, त्यांना कसे ओळखायचे, आल्यावर काय करायचे आणि नुकसान झाल्यास कुठे जायचे, याची माहिती या लेखात एकत्र दिली आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- वन्यप्राणी बागेत अन्न, पाणी किंवा आडोसा यासाठी येतात. या तीन गोष्टी आवरल्या की बऱ्याच भेटी टळतात.
- परसबागेत जीवाला सर्वांत मोठा धोका वाघापेक्षा सापाचा असतो. सर्पदंश झाल्यास १०८ वर फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठावे.
- वाघ, बिबट्या, अस्वल दिसल्यास किंवा कोणताही प्राणी अडकल्यास वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवावे.
- पिकाचे नुकसान झाल्यास ३ दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज करावा आणि पंचनामा होईपर्यंत जागा साफ करू नये.
- कुंपणात घरचा वीजप्रवाह कधीही सोडू नये.

झरी जामणीत प्राण्यांची ये-जा जास्त का?

तालुक्याचा नकाशा पाहिला की कारण लक्षात येते. पश्चिमेला केळापूर तालुका आहे. केळापूर आणि घाटंजी तालुक्यांत १४८.६३ चौरस किलोमीटरचे टिपेश्वर अभयारण्य पसरले आहे. तालुक्याच्या सीमेवरून पैनगंगा वाहते आणि पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. त्याच बाजूला पुढे कवल व्याघ्र प्रकल्प आहे. पूर्वेकडे चंद्रपूर जिल्हा आणि ताडोबा. या तीन जंगलांच्या मध्ये मुकुटबन, पाटण, झरी या परिसरातले जंगलाचे तुकडे, नाले, टेकड्या आणि कापसाची वावरे येतात. प्राण्यांसाठी ही जाण्यायेण्याची वाट आहे.

वाघ किती लांब जातो याचे प्रसिद्ध उदाहरण टिपेश्वरचेच आहे. तिथे जन्मलेल्या आणि रेडिओ कॉलर लावलेल्या एका तरुण नर वाघाने २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि तेलंगणातून सुमारे १,३०० किलोमीटरचा प्रवास केला आणि डिसेंबरमध्ये तो बुलडाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. या वाटचालीत त्याने शेते, नाले, रस्ते ओलांडले. पुढे तो ‘वॉकर’ या नावाने ओळखला गेला. त्यामुळे एखादा प्राणी वाडीजवळ दिसला म्हणजे तो तिथे राहायलाच आला असे नाही. बरेचदा तो नुसता पुढे जात असतो.

दुसरे कारण आपल्या अंगणात आहे. ‘उमेद’ अभियानाच्या ‘माझी पोषण परसबाग’ मोहिमेमुळे अनेक गावांत बचत गटाच्या महिलांनी घरामागे भाजीची बाग केली आहे. उन्हाळ्यात आजूबाजूचे रान वाळलेले असताना ही बाग हिरवी आणि ओली असते. प्राण्याला ती दुरूनही कळते.

प्राणी बागेत कशासाठी येतात?

अन्न. रताळी, भुईमूग, मका, पपई, वांगी, गळून पडलेले पेरू आणि सीताफळे, उघड्यावर टाकलेले खरकटे. कोठीतल्या धान्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो. मोकाट कुत्री आणि उघड्यावर बांधलेल्या शेळ्या बिबट्याला ओढतात.

पाणी. मार्च ते जून या काळात हौद, नळाखालचा चिखल, ठिबकची गळकी नळी यांकडे साप, बेडूक, मुंगूस, रानडुक्कर सगळेच येतात.

आडोसा. कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या, गोवऱ्यांचा उडवा, तुरीचे व सोयाबीनचे कुटार, कवेलूंचे तुकडे, दगडांची रास. विदर्भातल्या जवळपास प्रत्येक घरामागे यातले काहीतरी असतेच. सापाला आणि विंचवाला याहून सोयीची जागा नाही.

बागेत वारंवार एखादा प्राणी येत असेल तर आधी यातली कोणती गोष्ट त्याला मिळते आहे ते शोधा. ती गोष्ट तशीच राहिली तर आज हाकललेला प्राणी उद्या परत येतो.

रात्री कोण येऊन गेले? खुणांवरून ओळख

नुकसान करणारा प्राणी सहसा दिसत नाही, फक्त खुणा दिसतात. उपाय आणि भरपाई दोन्हींसाठी ओळख पटणे गरजेचे असते.

- रानडुक्कर: जमीन नाकाने उकरलेली, वाफे उलटेपालटे. कंद, शेंगा, मक्याची कणसे खाल्लेली. पीक खाण्यापेक्षा तुडवून जास्त नुकसान. बहुधा कळपाने येते.
- रोही (नीलगाय): शेंडे आणि पाने वरून खाल्लेली, जमीन न उकरलेली. ठरलेल्या एकाच जागी लेंड्यांचा ढीग. हरभरा, तूर, भाजीपाला आवडता. उंच उडी मारत असल्यामुळे बुटके कुंपण त्याला अडवत नाही.
- सायाळ (साळिंदर): कंद उकरलेले, झाडाच्या बुंध्याजवळची साल कुरतडलेली. जवळपास काळे-पांढरे काटे पडलेले. रात्रीच येते.
- ससा: कोवळी रोपे खालून स्वच्छ छाटल्यासारखी कापलेली, गोल लहान लेंड्या.
- वानर: दिवसाढवळ्या टोळीने. अर्धवट खाऊन टाकलेली फळे, मोडलेल्या फांद्या, सरकलेले कवेलू.
- मोर: नुकतेच पेरलेले बी आणि उगवते कोंब टिपलेले, मातीत तीन बोटांचे ठसे.
- वटवाघूळ: पिकलेल्या पेरू-चिकूचे चावून टाकलेले चोथे झाडाखाली.
- घूस व उंदीर: बांधाला बिळे, बिळाच्या तोंडाशी मातीचा ताजा ढीग, कुरतडलेली कांडी.

ठसा सापडला तर शेजारी काडेपेटी किंवा पेन ठेवून मोबाईलवर फोटो काढा. आकाराचा अंदाज येतो आणि वनरक्षकाला ओळख पटवणे सोपे जाते.

साप: सर्वांत जास्त काळजी इथे

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाने मांडला. यातले बहुतांश मृत्यू खेड्यांत आणि सुमारे निम्मे पावसाळ्यात झाले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

जीवघेण्या दंशांत चार साप प्रमुख आहेत आणि चारही विदर्भात आढळतात.

- नाग: फणा काढतो. उंदरांच्या मागे कोठी, गोठा, बिळे येथे येतो.
- मण्यार: काळपट निळसर, अंगावर पांढरे आडवे पट्टे. पट्टे शेपटीकडे ठळक, मानेकडे पुसट. रात्री फिरते आणि घरात शिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेत चावते.
- घोणस: जाड शरीर, पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा. कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार. पालापाचोळ्यात आणि गवतात पडून राहते, पाय जवळ आला तरी लवकर हलत नाही.
- फुरसे: लहानखुरे, साधारण दीड-दोन फुटांपर्यंत. कोरड्या, दगडाळ जागी. खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढते.

या चौघांसारखे दिसणारे बिनविषारी साप विनाकारण मारले जातात. मण्यार समजून कवड्या मारला जातो. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात, म्हणजे मण्यारीच्या उलट. घोणस समजून डुरक्या घोणस आणि अजगराचे पिल्लू, तर नाग समजून धामण मारली जाते. धामण उंदीर खाणारी आहे. तिला मारले की उंदीर वाढतात आणि उंदरांमागे कधीतरी नाग येतो. अर्थात ही ओळख लांबून करण्यासाठी आहे. हातात धरून ‘बिनविषारीच आहे’ असे ठरवण्याचे धाडस करू नये.

साप दिसल्यावर

1. जागेवर थांबा, हळूहळू मागे सरका. आठ-दहा फूट अंतर ठेवा. मुले आणि कुत्री दूर करा.
2. साप मोकळ्या बागेत असेल तर त्याला जाऊ द्या. वाट मोकळी असली की तो स्वतः निघून जातो.
3. घरात किंवा गोठ्यात असेल तर एकाने लांबून नजर ठेवावी, दुसऱ्याने वनविभागाला किंवा वनविभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला बोलवावे.
4. काठीने डिवचणे, रॉकेल टाकणे, जवळून फोटो काढणे टाळा. साप मारायला किंवा पकडायला गेलेल्यालाच चावल्याच्या घटना पुष्कळ होतात.

साप चावल्यास

- माणसाला आडवे करा, धीर द्या. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, लाकडी पट्टीच्या आधाराने सैलसर बांधा.
- अंगठ्या, बांगड्या, जोडवी, तोरड्या लगेच काढा. सूज आल्यावर त्या निघत नाहीत.
- १०८ वर फोन करा. रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. मोटारसायकल असेल तर रुग्णाला दोघांच्या मध्ये बसवा.
- घट्ट दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, बर्फ किंवा झाडपाला लावू नका.
- मांत्रिकाकडे किंवा देवळात नेण्यात वेळ घालवू नका. बिनविषारी दंश कुठेही नेला तरी बरा होतो, त्यातून मंत्राची कीर्ती वाढते. विषारी दंशावर एकच औषध आहे, ते म्हणजे प्रतिसर्पविष. ते सरकारी रुग्णालयात मोफत मिळते.
- साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. भारतात मिळणारे प्रतिसर्पविष वरील चारही सापांवर चालते. डॉक्टर लक्षणे पाहतात आणि गरज पडल्यास काचेच्या नळीत रक्त २० मिनिटे ठेवून ते गोठते का हे तपासतात.

मण्यारीच्या बाबतीत एक गोष्ट घरातल्या सर्वांना सांगून ठेवावी. तिचा दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. रात्री किंवा पहाटे कुणाच्या पोटात अचानक दुखू लागले, उलटी झाली, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, बोलताना किंवा गिळताना अडखळले, तर खूण दिसो वा न दिसो, रुग्णालय गाठावे. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचणे हा मण्यारीविरुद्धचा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

विंचू

गोवऱ्या, कवेलू, दगड आणि पऱ्हाटीच्या ढिगात विंचू राहतो. काळ्या विंचवापेक्षा लहान, लालसर विंचू जास्त धोकादायक असतो, विशेषतः मुलांसाठी. खूप घाम, उलट्या, हातपाय गार पडणे, छातीत धडधड ही गंभीर लक्षणे आहेत.

पूर्वी विंचूदंशाने अनेक मुले दगावत. रायगड जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी ग्रामीण रुग्णांवर वर्षानुवर्षे अभ्यास करून प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणात खाली आले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र ही गोळी डॉक्टरांनीच द्यायची असते. घरी प्रयोग करू नयेत.

वाघ, बिबट्या आणि अस्वल

वाघ भाजीसाठी येत नाही. तो रानडुक्कर आणि रोही यांच्या मागे किंवा बांधलेल्या जनावरांसाठी येतो. खरिपाच्या शेवटी पऱ्हाटी आणि तूर उंच वाढलेली असते, तेव्हा त्याला वावरातही आडोसा मिळतो. खाली वाकून निंदणारा, वेचणी करणारा किंवा शौचाला बसलेला माणूस त्याला माणसासारखा दिसत नाही. हल्ल्याचा धोका अशाच वेळी वाढतो.

या जिल्ह्याने याची मोठी किंमत मोजली आहे. पांढरकवडा-राळेगाव भागातील १३ जणांच्या मृत्यूंशी टी-१ वाघिणीचा (अवनी) संबंध जोडला गेला. २ नोव्हेंबर २०१८ रोजी राळेगाव तालुक्यातील बोराटीजवळ तिला गोळी घालण्यात आली. दुसरी बाजूही विसरता येत नाही. एप्रिल २०२१ मध्ये मुकुटबन वनपरिक्षेत्रात एका गर्भार वाघिणीला गुहेतच मारून तिचे पंजे कापून नेण्यात आले. माणूस आणि वाघ दोघेही इथे मेले आहेत, म्हणून इथे खबरदारी हा रोजच्या सवयीचा भाग असावा लागतो.

- पहाटे आणि संध्याकाळनंतर वाडीत एकट्याने जाऊ नका. दोघे-तिघे मिळून, बोलत किंवा मोबाईलवर गाणी लावून जा.
- घराभोवती किमान वीस-पंचवीस पावले गवत व झुडपे कापून जागा मोकळी ठेवा. अंगणात दिवा ठेवा.
- शेळ्या व वासरे रात्री छत आणि दार असलेल्या गोठ्यात ठेवा.
- मेलेले जनावर गावाजवळ टाकू नका.
- घरात शौचालय असेल तर रात्री तेच वापरा.
- वाघ किंवा बिबट्या समोर आलाच तर पळू नका, खाली बसू नका. त्याच्याकडे तोंड ठेवून, हात वर करून, मोठ्याने बोलत हळूहळू मागे जा.
- गर्दी करू नका. चहूबाजूंनी घेरलेला प्राणी माणसांच्याच अंगावर येतो.

अस्वलाची वेळ वेगळी असते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडतात, तेव्हा पहाटे मोहाखाली माणूस आणि अस्वल दोघेही येतात. अस्वलाची नजर फारशी चांगली नसते, अचानक जवळ गेले की ते दचकून अंगावर येते. म्हणून पुरते उजाडल्यावर, गटाने आणि आवाज करत मोह वेचायला जावे. वाडीच्या कडेला मोह, बोर, जांभूळ किंवा वारूळ असेल तर तिथेही हीच काळजी घ्यावी.

वानरांचे काय करायचे?

वानरांना खायला घालणे हे त्रासाचे मूळ असते. एका घराने भाकरी दिली की टोळी सगळ्या आळीत फिरते. पपई, पेरू यांवर जाळीची पिशवी चढवणे, पिकण्याआधी थोडे आधी फळ उतरवणे, आणि सगळ्या घरांनी मिळून एकाच वेळी हाकलणे हे उपाय चालतात. गोफणीने जखमी करू नये, पिल्लू असलेल्या मादीच्या जवळ जाऊ नये. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने १५ मिनिटे धुवून लगेच दवाखान्यात रेबीजची लस घ्यावी. कुत्रा, कोल्हा आणि मुंगूस चावल्यावरही हेच करावे.

बागेला मदत करणारे पाहुणे

प्रत्येक पाहुणा नुकसान करत नाही. काही प्राणी न सांगता बागेची राखण करतात.

- गव्हाणी घुबड आणि पिंगळा: रात्री उंदीर आणि मोठे किडे खातात. घुबडाला अशुभ मानून घरटे मोडू नये.
- बेडूक आणि सरडे: अळ्या, भुंगे, डास, वाळवी खातात.
- मुंगूस: उंदीर, विंचू, साप खातो. कोंबडीची पिल्ले मात्र झाकून ठेवावीत.
- घोरपड: बिनविषारी. उंदीर, किडे, अंडी खाते. कायद्याने तिला सर्वोच्च संरक्षण आहे.
- लहान वटवाघळे: रात्री उडणारे किडे टिपतात.
- मधमाश्या: भोपळा, कारले, काकडी, दोडका यांना फळ धरण्यासाठी परागीभवन लागते. भर फुलोऱ्यात सकाळी फवारणी टाळावी.

उंदरांसाठी विष ठेवताना दोनदा विचार करावा. विष खाऊन सुस्त झालेला उंदीर घुबड, धामण किंवा घरचे मांजर सहज पकडते आणि तेही मरते. त्याऐवजी पिंजरा, धान्याची पत्र्याची कोठी आणि बिळे बुजवणे चांगले.

कुंपण कोणते करावे?

काटेरी व जिवंत कुंपण: बाभूळ-बोरीचे काटे लहान वाडीला पुरतात. पिकाभोवती करडईच्या दोन-तीन ओळी लावल्या तर तिच्या काट्यांमुळे रानडुक्कर आणि रोही आत शिरायला कचरतात.

जुन्या साड्या: रंगीत साड्यांचे कुंपण स्वस्त आहे. प्राणी काही दिवस बिचकतात, नंतर सरावतात. म्हणून साड्यांची जागा बदलत राहावी.

नायलॉनची जाळी: वानर, मोर, सशासाठी उपयोगी. मात्र जमिनीला टेकलेल्या बारीक जाळीत साप अडकतात आणि तो सोडवताना माणसाला धोका होतो. जाळीची खालची कडा ताणून बांधावी, सैल लोळती ठेवू नये आणि रोज सकाळी पाहावी.

सौर कुंपण (झटका मशीन): यात थांबून थांबून अगदी क्षणभराचा झटका बसतो. प्राणी दचकून मागे फिरतो, मरत नाही. वनालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून यासाठी अनुदान मिळते. आपले गाव योजनेत बसते का, हे वनरक्षकाला विचारावे. दोन-चार घरांनी मिळून केल्यास खर्च वाटला जातो. तारांवर वाढलेले गवत मात्र नियमित कापावे लागते, नाहीतर झटका कमी होतो.

कधीही करू नये: मुख्य वाहिनीवर आकडा टाकून किंवा घरच्या बोर्डावरून तारेत सरळ वीज सोडणे. अशा तारेला चिकटून वाघ मेले आहेत, तसेच पहाटे शेजारच्या वावरात निघालेली माणसेही मेली आहेत. तार लावणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. फासे, गावठी बॉम्ब आणि विषारी आमिषही तितकेच धोकादायक आणि बेकायदेशीर आहे.

कुंपणाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे विहीर. बिनकठड्याच्या विहिरीत रात्री रोही, रानडुक्कर, बिबट्या पडतात. तीन-चार फुटांचा कठडा बांधला की प्राणी आणि घरची मुले दोघेही सुरक्षित राहतात.

नुकसानभरपाई कशी मिळवायची?

रानडुक्कर, रोही यांसारख्या वन्यप्राण्यांनी शेतपीक किंवा फळझाडांचे नुकसान केल्यास राज्य शासन भरपाई देते. अर्ज बाद होतात ते बहुधा उशीर आणि पुराव्याअभावी. म्हणून हा क्रम पाळा.

1. नुकसान दिसताच तारीख-वेळ दिसेल असे फोटो आणि व्हिडिओ काढा. ठसे, विष्ठा, काटे, खाल्लेली झाडे यांचे जवळून आणि लांबून असे दोन्ही फोटो घ्या.
2. ३ दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षक, वनपाल किंवा वनक्षेत्रपालाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. झरी जामणी तालुका पांढरकवडा वनविभागात येतो. मुकुटबन येथे वनपरिक्षेत्र कार्यालय आहे.
3. पंचनामा वन, कृषी आणि महसूल किंवा ग्रामपंचायतीचे कर्मचारी मिळून करतात. तोपर्यंत वाफे सरळ करू नका, रोपे उपटू नका.
4. सातबारा, आधार कार्ड आणि बँक पासबुकाची प्रत जोडा.
5. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी पीक, क्षेत्र आणि नुकसानीचे प्रमाण वाचून घ्या.

गाय, बैल, शेळी मारली गेल्यास मृत जनावर जागेवरून हलवू नका, त्याच दिवशी कळवा. वाघ, बिबट्या, अस्वल, रानडुक्कर यांच्या हल्ल्यात माणसाचा मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख रुपयांची मदत मिळते. जखमींसाठी वेगळी तरतूद आहे.

साप किंवा विंचू चावून शेतकऱ्याचा किंवा शेतकरी कुटुंबातील व्यक्तीचा मृत्यू झाला तर ‘गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना’ पाहावी. तिच्यात २ लाख रुपयांपर्यंत मदत आहे आणि अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करायचा असतो. रुग्णालयाची कागदपत्रे यासाठी महत्त्वाची ठरतात. घरीच किंवा मांत्रिकाकडे मृत्यू झाला आणि कुठेच नोंद झाली नाही, तर कुटुंबाला मदत मिळवणे फार अवघड जाते.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली. वाघ, बिबट्या, अस्वल, मोर, अजगर, घोरपड हे पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद आहे. रानडुक्कर आणि रोही यांनाही वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्राणी मारला गेला तर तो गुन्हा ठरत नाही, पण ती बाब लगेच वनविभागाला कळवावी. पिल्लू सापडले म्हणून घरी पाळणेही बेकायदेशीर आहे. त्याची आई बहुधा जवळच असते, त्याला तिथेच राहू द्यावे आणि १९२६ वर कळवावे.

वर्षभराचे वेळापत्रक

- मे अखेर: पावसाआधी पऱ्हाटी, गोवऱ्या, लाकूड घरापासून लांब, जमिनीपासून हातभर उंच मांडावर रचा. भिंतींची भोके बुजवा.
- जून ते सप्टेंबर: साप-विंचवांचा काळ. बॅटरी, बूट, मच्छरदाणी वापरा. बागेतले गवत कापा.
- ऑक्टोबर ते जानेवारी: उभ्या पऱ्हाटीत आणि तुरीत गटाने काम करा. रानडुक्कर-रोहीसाठी कुंपण तपासा, जागलीला एकट्याने जाऊ नका.
- फेब्रुवारी ते मे: मोहाच्या काळात अस्वलापासून सावध. गळके नळ दुरुस्त करा. शक्य असेल तर पक्षी-प्राण्यांसाठी पाण्याचे टाके घरापासून दूर ठेवा.

रोज संध्याकाळची दहा मिनिटे

दिवेलागणीच्या आधी बागेत एक फेरी मारा. गळालेली फळे उचला. खरकटे खड्ड्यात पुरा. नळ बंद करा. उद्याचे सरपण उजेडातच काढून ठेवा आणि काढताना आधी काठीने ढीग हलवा. बाहेर ठेवलेले बूट सकाळी घालण्यापूर्वी झटका. गोठ्याचे दार लावा. बॅटरी उशाशी ठेवा.

आणि हे तीन क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, म्हणजे गडबडीत घरातल्या लहान मुलालाही ते वाचता येतील: वनविभाग १९२६, रुग्णवाहिका १०८, आपत्कालीन मदत ११२.